न सांगायची रेघ

एकोडीच्या कुंताबाई कापगतेनं कोणाचा शब्द पहिल्या झटक्यात खरा मानला, असं गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. बियाण्याच्या दुकानात ती पिशवी दुकानदारासमोरच फोडायला लावायची, मूठभर धान तळहातावर घ्यायची, एक दाणा दाताखाली चावून बघायची आणि मगच पिशवी उचलायची. बसच्या कंडक्टरनं साकोली म्हणून सांगितलं तरी शेजारच्या बाईला पुन्हा विचारायची, गाडी साकोलीलाच जाते ना. उगाच भांडायची नाही, आवाज चढवायची नाही. फक्त डोळे बारीक करून समोरच्याकडे बघत राहायची, आणि खरं बोलणारा माणूससुद्धा त्या नजरेखाली चाचरायचा.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. माहेरी, मोहाडीच्या बाजूला, तिला सगळे भोळी म्हणायचे. लग्नानंतरची सगळी वर्षं तिनं नवऱ्याच्या, सोमाजीच्या, भरवशावर काढली. सोमाजी गेला आणि तो भोळेपणाही त्याच्यासोबत गेला.

सोमाजीचं जाणं गावाला अचानक वाटलं, तिला नाही. वर्षभर आधीपासून तो तलावाची पाळ चढताना मधेच थांबायचा. गुडघ्यावर हात टेकून पाण्याकडे बघत उभा राहायचा. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायचा, पाखरं पाहून राहिलो. संध्याकाळी त्याच्या पायांवर सूज यायची, बोटानं दाबलं की खळगा तसाच राहायचा. रस्त्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं गॅस सांगितला आणि गोळ्या दिल्या. त्या संपल्या की दुसऱ्या दिल्या. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत एका दुपारी सोमाजी शेताच्या बांधीतच चिखलात बसला, आणि बसल्या जागी आडवा झाला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरनं पायांची सूज किती दिवसांपासून होती ते विचारलं. वर्षभर, हे ऐकून तो खाली बघत म्हणाला, "हृदय कमजोर झालं असणार. आधी कळलं असतं तर..."

ते अर्धं वाक्य कुंताबाईच्या डोक्यात रुतून बसलं. आधी कळलं असतं, म्हणजे कळण्यासारखं होतं. कळण्यासारखं होतं तर कोणाला तरी कळलंच असणार. त्या गॅसवाल्याला माहीत होतं आणि त्यानं सांगितलं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. कशासाठी लपवलं, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, पण संशयाला त्याची गरज पडली नाही.

पुढे मुलाचं, मंगेशचं, लग्न झालं. मंगेश तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला होता. आठवडाभर तिकडेच राहायचा आणि सुटीच्या दिवशी गावी यायचा. बायकोही तुमसरचीच केली, रीना. घरात सासू, सून आणि वर्षभरापूर्वी झालेली नात गुड्डी, एवढ्याच असायच्या. सुनेवरही कुंताबाईची नजर होतीच. पाण्याचा गुंड, भरलेला हंडा, डोक्यावर घेऊन येताना रीना वाटेत कुठंतरी टेकायची. धान पाखडताना सूप खाली ठेवून गप्प बसायची. तुमसरची पोरगी, शेतीच्या घरात रमत नाही, दम लागल्याचं सोंग करते, असं कुंताबाईनं शेजारच्या कलाबाईजवळ बोलूनही दाखवलं होतं.

ही कलाबाई गावची आशाताई. एप्रिलमध्ये तिनंच घरोघरी सांगितलं की नागपूरहून काही लोक आले आहेत, शाळेच्या हॉलमध्ये बोटातून थेंबभर रक्त घेऊन हृदयाची तपासणी करणार आहेत, फुकट. फुकट हा शब्द ऐकून कुंताबाईचे डोळे बारीक झाले. तपासणीला नाही, पण बघायला ती गेली.

आलेल्यांत बोलणारी होती अंजू नावाची मुलगी. सडपातळ, चष्मा लावलेली, बोलताना हात पुढे बांधून ठेवायची. तिनं बायकांना समजेल असं सांगितलं. हृदयावर ताण पडायला लागला की रक्तात एक द्रव्य वाढतं. मोठ्या शहरात ते मोजता येतं, पण ती तपासणी महाग, गावापर्यंत येत नाही. तेच द्रव्य गावातल्या गावात कळावं म्हणून त्यांच्या प्रयोगशाळेनं एक स्वस्त पट्टी बनवली होती. दिवस गेले की नाही ते बघायची पट्टी असते ना, तशी. थेंब टाकायचा, ताण असेल तर दुसरी रेघ उमटते. पण पट्टी अजून पक्की झालेली नव्हती. म्हणून जो रक्त देईल त्याच्या हृदयाची सोनोग्राफीही पुढच्या शनिवारी याच हॉलमध्ये होणार होती. मशीनवर काय दिसलं ते प्रत्येकाला सांगणार. पट्टीवर काय दिसलं ते कोणालाच सांगणार नाहीत.

कुंताबाई मागच्या रांगेतून उठून पुढे आली. "म्हंजे तुमाले दिसन, अन् तुमी सांगनार नाई?"

"पट्टीवर आमचाच अजून पूर्ण विश्वास नाही, काकू," अंजू म्हणाली. "ती चुकीचं दाखवत असली तर माणूस उगाच घाबरेल. नाहीतर आजार असून निर्धास्त राहील. म्हणून तसा नियमच आहे."

"तुमचाच भरोसा नाई, तर आमचं रगत कायले घेता?"

"भरोसा ठेवता यावा म्हणूनच घेतो."

उत्तर सरळ होतं, म्हणूनच कुंताबाईला ते जास्त खटकलं. माहीत असणार आणि सांगणार नाही, हे तिनं एकदा भोगलेलं होतं. ती पदर खोचून हॉलबाहेर पडली. कुंताबाई उठली म्हणजे काहीतरी असेल, असं मनात धरून आणखी बऱ्याच बायका तिच्यामागोमाग उठल्या.

त्यानंतर गावात नाना गोष्टी सुरू झाल्या. कोणी म्हणालं, रक्त विकतात. कोणी म्हणालं, आधी आजार सांगतील आणि मग औषधाची कंपनी येईल. यातली एकही गोष्ट कुंताबाईनं उठवली नव्हती, पण एकही खोडली नाही. ती रोज काही ना काही निमित्त काढून शाळेसमोरच्या ओट्यावर जाऊन बसायची आणि हॉलकडे बघत राहायची. अंजू पट्टीवर थेंब टाकायची, पट्टी स्वतःकडे वळवायची, बघायची आणि झाकून ठेवायची. समोर बसलेल्या माणसाला काही दिसत नसे. काम झालं की पट्ट्यांचा डबा जीपमध्ये जायचा, आणि जीप दिवसभर शाळेच्या भिंतीलगत उन्हात उभी असायची. जेवढं जास्त बघावं तेवढी तिची खात्री पटत होती की इथं काहीतरी दडवलं जात आहे.

मधल्या एका सकाळी परसात मिरच्या कुटणं चाललं होतं. रीनानं तिखटात हात घातला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. कुंताबाईनं तिचा हात धरला. बोटाच्या टोकाला बारीक टोचल्याची खूण होती.

"तू गेली होती थ्या पोट्टीकडे?"

रीनानं हात सोडवून घेतला नाही. घरचं रक्त चोरून बाहेर दिलं, मंगेशला विचारलं नाही, मला विचारलं नाही, असं बरंच काही कुंताबाई बोलली. तिचं बोलणं संपल्यावर रीना हळूच म्हणाली, "आई, मले पानी आनताना जीव घाबरल्यावानी होते. आडवं पडलं की दम कोंडते. दोन उश्या घेतल्याशिवाय झोप नाई येत."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं होतं. गुड्डी पोटात होती तवा. तुमी म्हनलं होतं, कामाच्या वक्तालेच बरा दम लागते."

कुंताबाईला ते वाक्य आठवलं. कुठं उभी राहून म्हटलं होतं तेही आठवलं. रीना खरं बोलते आहे की सासूच्या तोंडावर तिचाच शब्द मारून सुटका करून घेते आहे, हे तिला कळेना. तिनं मिरच्यांचं उखळ तसंच सोडलं आणि तडक शाळेत गेली. सुनेचा राग कुठंतरी काढायचाच होता. तो अंजूवर निघाला.

माझ्या सुनेच्या पट्टीवर काय आलं ते सांगा, एवढंच ती म्हणाली. अंजूनं पुन्हा नियम सांगितला. कुंताबाई हलली नाही. "माह्या घरचा मानूस असाच गेला. मालूम असनाऱ्यानं सांगितलं नाई. आता तुमी बी तेच करून राहिले."

हॉलमधली माणसं बघायला लागली. अंजूनं सुनेला शनिवारी मशीनवर आणायची विनंती केली. तेव्हा कुंताबाईनं दुसरं मागणं पुढे केलं. "लोकायच्या बोटाले टोचता. तुमच्या बोटातलं रगत काढा, अन् माह्यासमोर पट्टीवर टाका. मले पाहू द्या तुमी काय झाकता."

स्वतःची पट्टी दाखवायला अंजूला कोणता नियम आडवा येत नव्हता. जीपमधून नवा डबा आणवला, कुंताबाईच्या देखत पट्टी काढली, स्वतःचं बोट टोचलं आणि थेंब टाकला. दोघीही वाकून बघू लागल्या. पहिली रेघ उमटली. ती यायचीच असते, असं अंजूनं सांगितलं. मग तिच्याखाली हळूहळू दुसरी उमटली. फिकी, पण सरळ.

"म्हंजे बिमार तुमीच आहा," कुंताबाई म्हणाली.

अंजूचा चेहरा उतरला. कामाला निघण्याआधी त्यांच्या सगळ्या गटाची मशीनवर तपासणी झाली होती आणि तिच्या हृदयात काही दोष निघाला नव्हता. तिनं दुसरी पट्टी घेतली. पुन्हा रेघ. सोबतच्या मुलाचं बोट टोचलं. त्यालाही रेघ. मग तिनं डब्यावर तळहात ठेवला. डबा तापलेला होता. ती तिथंच पायरीवर बसली.

"पट्ट्या उन्हानं खराब झाल्या, काकू," ती म्हणाली. "आमच्या थंड खोलीत बरोबर चालत होत्या. इथं जीपमध्ये राहून बिघडल्या."

चोरी पकडल्यासारखा आनंद कुंताबाईला झाला, पण तो फार टिकला नाही. पट्टीच खोटी निघाली म्हणजे रीनाच्या पट्टीवर रेघ असली काय, नसली काय, त्याला काही अर्थ उरला नाही. जे ऐकायला ती आली होती ते आता कोणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याच्या वेळी कोणीतरी माहीत असून गप्प राहिलं, असं ती इतकी वर्षं धरून बसली होती. कोणालाच माहीत नसणं हे त्याहून वाईट असू शकतं, हे तिच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं.

त्याच दुपारी अंजूनं हॉलमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं की आतापर्यंत घेतलेलं रक्त वाया गेलं, चूक आमची आहे, मशीन मात्र ठरल्याप्रमाणे शनिवारी येईल. गावातल्या काही जणांना तिचं कौतुक वाटलं. कुंताबाईला त्यातही वास आला. लोकांनी विचारणं बंद करावं म्हणून तर ही वाया गेल्याचं सांगत नसेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांचं गाठोडं रीनाच्या डोक्यावर देऊन कुंताबाई तिला तलावावर घेऊन निघाली. रोज ती पुढे असायची. त्या दिवशी मुद्दाम मागे राहिली. सोंग असेल तर सासू पाठीमागून बघते आहे हे विसरल्यावर ते गळून पडेल, असा तिचा हिशेब होता. रीनानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाळीच्या चढाच्या मध्यावर ती थांबली. गाठोडं तिनं खाली ठेवलं नाही. एक हात गाठोड्याला लावून, दुसरा हात गुडघ्यावर टेकून, ती पाण्याकडे बघत उभी राहिली.

सोमाजी असाच उभा राहायचा. रीनानं तर सासऱ्याला कधी पाहिलंही नव्हतं.

कुंताबाई वर चढली, सुनेच्या डोक्यावरचं गाठोडं काढून आपल्या डोक्यावर घेतलं. रीना घाबरून म्हणाली, मी आणतेच आहे. कुंताबाई म्हणाली, "बस इथं. दम सरला का चाल."

शनिवारी रीनाचा नंबर आला तेव्हा कुंताबाई तिच्या उशाशी उभी राहिली. गुड्डी कलाबाईच्या कडेवर होती. मशीनवाल्या डॉक्टरनं रीनाच्या छातीवर यंत्र फिरवलं, एकाच जागी बराच वेळ थांबला, पुन्हा फिरवलं. मग लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं विचारलं. आला होता. तुमसरला शाळेत असताना गुडघे आणि घोटे सुजले होते, आईनं तेल चोळलं होतं, ताप उतरला आणि सगळे विसरून गेले होते. डॉक्टरनं सांगितलं, त्या तापामुळे तेव्हाच हृदयातली एक झडप आखडली. ती आता पुरती उघडत नाही. रक्त मागे तुंबतं, म्हणून दम लागतो. बाळंतपणात जीव वाचला ते नशीब.

"हे मशीन उन्हात तर नव्हतं ना ठेवलं?" कुंताबाईनं विचारलं.

डॉक्टरला काही कळलं नाही. अंजूला कळलं. ती म्हणाली, मशीन आज सकाळीच भंडाऱ्याहून आलं, पण काकू, तुम्हाला खात्री करायची असेल तर दुसरीकडे दाखवा, दाखवायलाच पाहिजे.

मंगेशला बोलावून घेतलं. तो रडवेला झाला होता. कुंताबाईनं त्याला एकच बजावलं. नव्या डॉक्टरला आधीच्यानं काय सांगितलं ते आपण होऊन सांगायचं नाही. फक्त दम लागतो म्हणायचं. भंडाऱ्याला तसंच केलं. तिथल्या डॉक्टरनंही तीच झडप सांगितली. तिचं समाधान झालं नाही. नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पुन्हा तेच केलं, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईनं रीनाच्या छातीला नुसती नळी लावूनच मान हलवली, मग मशीनवर बघून तेच सांगितलं. एकमेकांना न ओळखणारी माणसं एकच गोष्ट सांगतात म्हणजे ती खरी असणार, एवढं कुंताबाईनं मान्य केलं.

मांडीच्या शिरेतून नळी घालून, फुगा फुगवून झडप मोकळी करायची होती. पोट फाडत नाहीत, छाती उघडत नाहीत, हे तिनं दारावरच्या नर्सकडूनही ऐकून घेतलं, नुकतंच ते करून घेतलेल्या एका बाईच्या नवऱ्याकडूनही. रीनाला आत नेलं तेव्हा मंगेश भिंतीला टेकून बसला. कुंताबाई उभीच होती. आतून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे ती बघत होती, की हा काही दडवून तर जात नाही. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आली आणि म्हणाली, झालं, चांगलं झालं. कुंताबाईनं विचारलं, आत जाऊन पाहू का. बाईनं जाऊ दिलं.

रीना घरी आली. तो ताप पुन्हा येऊन झडप आखडू नये म्हणून ठरलेल्या दिवसांनी इंजेक्शन घ्यायचं होतं, ते कलाबाईच्या देखरेखीत साकोलीला सुरू झालं. त्या साली रोवण्यात कुंताबाईनं सुनेला चिखलात पाय घालू दिला नाही. पाण्याचा गुंडही ती स्वतः आणू लागली. रीनाला ते खरं वाटेना. सासू गप्प राहून काम करते म्हणजे मनात काहीतरी साठवून ठेवते, एक दिवस सगळं बाहेर काढेल, असा संशय तिला येत राहिला. ती लपून-छपून झाडलोट करून टाकायची. मग एकदा कुंताबाईनंच तिच्या हातातला झाडू काढून घेतला.

"मी तुया दम खोटा समजली," ती म्हणाली. "थो गॅसवाला डाक्टर बी असाच समजला असन. त्यालेबी कायी मालूम नसन."

एवढं बोलून ती झाडू घेऊन अंगणात गेली. रीना उंबऱ्यावर बसून राहिली. पुढे रीना दुपारी उघडपणे आडवी व्हायला लागली.

धानाची कापणी झाल्यावर अंजू पुन्हा आली. या खेपेला पट्ट्यांचा लेप बदललेला होता आणि डबे बर्फाच्या पेटीत होते. जीप झाडाखाली उभी केली होती. कुंताबाईनं पेटीचं झाकण उघडायला लावलं, आत हात घालून गारवा बघितला. अंजूनं कोणी न सांगताच आधी स्वतःचं बोट टोचलं. दुसरी रेघ आली नाही. कुंताबाईनं पट्टी उजेडात धरून तिरकी केली, सरळ केली, तरीही आली नाही. मग तिनं स्वतःचं बोट पुढे केलं.

थेंब टाकून झाल्यावर अंजूनं पट्टी आपल्याकडे वळवली. कुंताबाई तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. चेहऱ्यावरून काही कळेना.

"लागली का रेघ?"

"नियम आहे, काकू."

"मालूम आहे. विचारून पाहिलं."

शनिवारी मशीनवर कुंताबाईच्या हृदयात काही दोष निघाला नाही, रक्तदाब मात्र वाढलेला निघाला. त्यासाठी दिलेली गोळी तिनं आधी साकोलीच्या औषधाच्या दुकानात दाखवली, कशाची आहे ते विचारलं, आणि मगच घेतली.

उन्हाळ्याच्या तोंडावर अंजू निकाल सांगायला आली. बऱ्याच जणांच्या बाबतीत पट्टी आणि मशीन जुळले होते. पण काही जणांना आजार नसताना रेघ आली होती, आणि दोन माणसं अशी निघाली की आजार असून रेघ आली नव्हती. पट्टी अजून दवाखान्यांत द्यायच्या लायकीची नाही, पुन्हा सुधारावी लागेल, असं तिनं सांगितलं. हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली. कलाबाईला वाईट वाटलं. कुंताबाईनं विचारलं, थे दोघं आता कुठं आहेत. मशीनवर कळलं म्हणून त्यांचे उपचार चालू आहेत, अंजूनं सांगितलं.

"मंग पट्टी कवा पक्की होईन?"

"सांगता येत नाही. अजून वर्षं लागतील."

"इतकी वर्षं आमाले टोचत राहान?"

"तुम्ही येऊ दिलं तर."

कुंताबाईनं डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. अंजू चाचरली नाही. त्या दिवशी नव्या पट्ट्यांसाठी पुन्हा रक्त घेणं सुरू झालं, आणि कुंताबाई हॉलच्या दारात पाट टाकून बसली. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती थांबवत होती, चढावर दम लागते का म्हणून विचारत होती, आणि नाही म्हणणाऱ्या बाईला आणखी एकदा विचारत होती. रुखमिणी नावाची तरुण बाई दोन्ही वेळा नाही म्हणाली आणि नजर चुकवून आत शिरली. कुंताबाई उठली, तिच्यामागं आत गेली आणि अंजूला म्हणाली, "हिले शनिवारी मशीनवर सगळ्यायच्या पहिले घ्या. हे खोटं बोलून राहिली."